तखफीफ : शिक्षेतील सूट, तौबा आणि पीडिताचा हक्क

दिव्य कुरआनच्या सूरह बकरहमध्ये हत्येच्या अपराधाविषयी जो आदेश आला आहे (२:१७८), त्यात एक शब्द लक्षपूर्वक वाचण्यासारखा आहे. प्रथम किसासचा, म्हणजे समान न्यायाचा नियम सांगितला आहे. मग लगेच दुसरी वाट दाखविली आहे. मारेकऱ्याला त्याच्या ‘भावाकडून’ काही माफ झाले, तर वारसाने रीतीने मागणी करावी आणि मारेकऱ्याने भलेपणाने खूनभरपाई द्यावी. या सवलतीला अल्लाहने जे नाव दिले, ते ‘तखफीफ’. तखफीफ म्हणजे ओझे हलके करणे, सूट. त्याच्याच जोडीला ‘रहमत’ हा शब्द आला आहे. आणि आयत संपते ती इशाऱ्याने: यानंतरही जो मर्यादा ओलांडील, त्याच्यासाठी कठोर शिक्षा आहे.

एका आयतीत तीन गोष्टी आल्या. पहिली, ज्याच्यावर अन्याय झाला त्याचा हक्क. दुसरी, अपराध्यासाठी सवलतीचे दार. तिसरी, त्या सवलतीची मर्यादा. भाष्यकारांनी येथे ‘भाऊ’ या शब्दाकडे मुद्दाम लक्ष वेधले आहे. ज्याच्या हातून रक्त सांडले, त्याला आणि ज्याच्या घरातील रक्त सांडले, त्याला कुरआन अजूनही एका नात्यात बांधून ठेवतो. शिक्षेत सूट द्यावी की नाही, द्यायची तर कोणाला आणि कोणत्या कसोटीवर, हा आपल्या काळातील वादाचा प्रश्न आहे. त्याचा विचार या तीन गोष्टी एकत्र धरूनच केला पाहिजे. एक जरी सुटली, तरी न्यायाचा तोल जातो.

दोन घरे, दोन प्रश्न

दौंड जंक्शनवरून एक लोहमार्ग पुण्याकडे जातो आणि एक मनमाडकडे. पुण्यात यरवडा मध्यवर्ती कारागृह आहे. मनमाडच्या मार्गावर श्रीगोंदा तालुक्यात विसापूर लागते. तेथे खुले कारागृह आहे आणि बंदी शेतात राबतात. दौंड-शिरूर परिसरातील ज्या घराचा माणूस दीर्घ शिक्षा भोगत असतो, त्या घरातील लहान मुलांनासुद्धा ही नावे पाठ असतात. मुलाखतीचा वार, डब्यातली गर्दी, काचेपलीकडचा चेहरा, परतीची गाडी. अशी वर्षे सरतात. मग एक दिवस घरातील कोणीतरी विचारते, “चौदा वर्षे तर होऊन गेली, मग अजून सुटका का नाही?”

त्याच तालुक्यात दुसरेही एक घर असते. त्या घरातील तरुण मुलगा मारला गेलेला असतो, किंवा मुलीवर अत्याचार झालेला असतो. अपराधी सुटून आल्याची बातमी एक दिवस तेथे पोचते. ते घरही विचारते, “जन्मठेप झाली होती ना? मग हा बाहेर कसा आला?”

दोन्ही प्रश्न खरे आहेत, आणि दोन्ही घरे मुस्लिमांची असू शकतात. म्हणून या विषयावर एका घराच्या बाजूने बोलून भागत नाही. प्रथम कायदा काय आहे ते समजून घेऊ, मग शरीयतच्या शिकवणीकडे वळू.

कायद्यातील माफी

‘जन्मठेप म्हणजे चौदा वर्षे’ ही समजूत खेडोपाडी घट्ट रुजली आहे. ती चुकीची आहे. जन्मठेप म्हणजे बंद्याच्या उरलेल्या संपूर्ण आयुष्याची कैद. महात्मा गांधींच्या हत्येच्या खटल्यात जन्मठेप झालेल्या गोपाळ गोडसे याने आपली मुदत माफीचे दिवस धरून पूर्ण झाली आहे, असा दावा केला होता. सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्ये तो फेटाळला. माफीचे दिवस कितीही साठले तरी जन्मठेपेचा बंदी आपोआप सुटत नाही, शासनाने उरलेली शिक्षा माफ केल्याचा आदेश काढावा लागतो, असे न्यायालयाने स्पष्ट केले. पुढे ऑक्टोबर १९६४ मध्ये त्याची सुटका झाली, ती शासनाच्याच निर्णयाने.

मग चौदा हा आकडा आला कोठून? फौजदारी प्रक्रिया संहितेत १९७८ साली कलम ४३३-क घालण्यात आले. ज्या अपराधाला फाशीचीही शिक्षा सांगितलेली आहे, अशा अपराधात जन्मठेप झाली असेल, किंवा फाशीची जन्मठेप झाली असेल, तर त्या बंद्याने प्रत्यक्ष चौदा वर्षे कारागृहात काढल्याशिवाय त्याला सोडता येणार नाही, असा तो नियम आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्ये मारू राम खटल्यात तो वैध ठरविला. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत हाच नियम कलम ४७५ मध्ये आहे, आणि शिक्षा माफ करण्याचा शासनाचा अधिकार कलम ४७३ मध्ये. म्हणजे चौदा वर्षे हा उंबरठा आहे. तो ओलांडल्यावर दार ठोठावता येते. दार उघडेलच असे नाही.

ज्यांना ठरावीक मुदतीची शिक्षा असते, त्यांच्यासाठी गोष्ट निराळी आहे. महाराष्ट्रात १९६२ च्या माफीविषयक नियमांप्रमाणे चांगली वर्तणूक आणि नेमून दिलेले काम यांबद्दल बंद्याच्या खाती दरमहा काही दिवस जमा होतात. विशेष कामगिरीची माफी वेगळी असते. कारागृहांतून यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाची आणि इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाची केंद्रे चालतात. तेथे शिकून परीक्षा उत्तीर्ण होणाऱ्यांनाही विशेष माफी मिळू शकते. खुल्या कारागृहात माफीचे प्रमाण नेहमीच्या कारागृहापेक्षा अधिक असते. हे दिवस मूळ मुदतीतून वजा होतात.

जन्मठेपेच्या बंद्यासाठी महाराष्ट्र शासनाने अपराधाच्या स्वरूपानुसार वर्ग पाडले आहेत. ११ मे १९९२ आणि १५ मार्च २०१० ची मार्गदर्शक तत्त्वे त्यासाठी आधाराला घेतली जातात. भांडणाच्या भरात घडलेली हत्या, पूर्वनियोजित हत्या, स्त्रिया व बालकांवरील क्रूर अत्याचार, टोळीने केलेले अपराध, अशा प्रत्येक वर्गासाठी भोगावयाची वर्षे वेगवेगळी आहेत. कोणते धोरण लागू करायचे, यावर सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये हरियाणातील एका खटल्यात निवाडा दिला. शिक्षा झाली त्या दिवशी जे धोरण होते ते लागू करावे, आणि नंतरचे धोरण बंद्याला अधिक सवलतीचे असेल तर त्याचा लाभ द्यावा, असे त्यात सांगितले आहे. कारागृह अधीक्षकांचा अहवाल, पोलिसांचा अहवाल, शिक्षा देणाऱ्या न्यायालयाचे मत, हे सारे कागद एकत्र होऊन प्रस्ताव शासनाकडे जातो. अपराधाचा परिणाम एका व्यक्तीपुरता होता की साऱ्या समाजावर झाला, पुन्हा अपराध घडण्याचा संभव किती, बंद्याला आणखी कैदेत ठेवून काही साधणार आहे काय, त्याच्या कुटुंबाची स्थिती काय; या कसोट्या लक्ष्मण नस्कर खटल्यात २००० साली सांगितल्या गेल्या.

१८ फेब्रुवारी २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आणखी एक महत्त्वाची गोष्ट सांगितली. ज्या राज्यात माफीचे धोरण आहे, तेथे पात्र ठरलेल्या बंद्याचा विचार शासनाने त्याच्या अर्जाची वाट न पाहता केला पाहिजे. नकार द्यायचा तर कारणे द्यावीत. दिलेली माफी रद्द करायची झाल्यास बंद्याचे म्हणणे ऐकून घ्यावे. ज्याला अर्ज लिहिता येत नाही आणि ज्याच्या घरी लिहून देणारा कोणी नाही, अशा गरीब बंद्याला या आदेशाचा सर्वांत मोठा आधार आहे.

माफ करण्याचा हक्क कोणाचा?

आता शरीयतकडे वळू. येथे एक गोष्ट आधी स्पष्ट केली पाहिजे. किसास व इतर शिक्षा हे न्यायसंस्थेचे काम आहे. कोणा व्यक्तीने वा जमावाने कायदा हातात घेण्याची इस्लाममध्ये मुभा नाही. आपण ज्या देशात राहतो, तेथील न्यायालयाचा निवाडा आपल्यावर बंधनकारक आहे. तरीही माफीकडे कोणत्या नजरेने पाहावे, हे ठरविण्यासाठी फुकहांनी केलेली मांडणी आजही वाट दाखविते.

फुकहांनी अपराधांत दोन हक्क वेगळे केले आहेत: अल्लाहचा हक्क आणि दासांचा, म्हणजे माणसांचा हक्क. समाजाची सुरक्षितता, लोकांची अब्रू आणि मार्गांची निर्भयता यांच्याशी निगडित अपराध पहिल्या वर्गात येतात. एखाद्याच्या देहाला वा जिवाला झालेली इजा प्रामुख्याने दुसऱ्या वर्गात येते. ज्या अपराधांची शिक्षा ठरवून दिलेली नाही, ती न्यायाधीशाच्या विवेकावर सोपविलेली आहे. तिला ‘ताजीर’ म्हणतात. आजची कारावासाची बहुतेक शिक्षा ताजीरच्या जवळची आहे. ताजीरमध्ये शासनकर्ता कमी-अधिक करू शकतो. मात्र त्यात माणसाचा हक्क गुंतलेला असेल, तर तो हक्क शासनकर्त्याच्या सहीने नाहीसा होत नाही.

हजरत सफवान बिन उमय्या (रजि.) मशिदीत चादर उशाशी घेऊन झोपले असताना ती चोरीस गेली. चोर सापडला, आदरणीय प्रेषित मुहम्मद (स.) यांच्यासमोर आणला गेला आणि शिक्षा सुनावली गेली. ते पाहून सफवान (रजि.) कळवळले आणि आपण चादर त्यालाच देऊन टाकतो, असे म्हणाले. तेव्हा प्रेषितांनी (स.) त्यांना विचारले की, हे त्याला माझ्याकडे आणण्यापूर्वीच का केले नाही? (अबू दाऊद, नसाई) आपसात क्षमेला जागा होती. प्रकरण न्यायासनापुढे गेल्यावर ते एकट्या सफवान यांचे राहिले नाही, साऱ्या समाजाचे झाले.

याउलट, जेथे निर्णय पीडिताच्या हाती होता, तेथे प्रेषितांचा (स.) कल क्षमेकडे असे. किसासचे असे एकही प्रकरण मी पाहिले नाही, ज्यात त्यांनी क्षमेची शिफारस केली नाही, या आशयाचे कथन हजरत अनस (रजि.) यांनी केले आहे (अबू दाऊद). पण ती शिफारसच होती. वारसाने नकार दिला तर त्याला दोषी ठरविले जात नसे. सूरह शूरामध्येही हाच क्रम आहे (४२:४०): वाईटाचा बदला तितकाच, आणि जो क्षमा करून समेट घडवील त्याचे पारितोषिक अल्लाहकडे. क्षमा उच्च आहे. म्हणूनच ती पीडिताकडून हिसकावून घेता येत नाही.

आपल्या कायद्यात हत्येसारख्या अपराधात पीडिताच्या क्षमेने खटला मिटत नाही. राज्य हेच फिर्यादी असते. तथापि माफीचा विचार होताना ज्याचे घर उद्ध्वस्त झाले, त्याला कोणी काही विचारलेच नाही, तर ती माफी कागदावर पूर्ण होते आणि मनात अपुरी राहते. शरीयतचा या चर्चेतील पहिला धडा हाच आहे.

तौबाची खूण

दुसरी बाजू अपराध्याची. सूरह माइदामध्ये वाटमारी करून भूमीवर दहशत माजविणाऱ्यांची कठोर शिक्षा सांगितल्यावर पुढच्याच आयतीत अपवाद केला आहे: हाती लागण्यापूर्वीच ज्यांनी तौबा केली ते (५:३४). फुकहांच्या, विशेषतः हनफी ग्रंथांच्या भाषेत काही कैद्यांविषयी ‘त्याची तौबा दिसून येईपर्यंत बंदिवास’ असा शब्दप्रयोग आढळतो. याचा अर्थ विचार करण्यासारखा आहे. तेथे कैदेचा शेवट दिनदर्शिकेने ठरत नाही. तो माणसाच्या बदलाने ठरतो. मुदतपूर्व सुटकेमागे आजचे न्यायशास्त्र जो विचार मांडते, त्याचे बीज येथे आहे.

पण तौबा दिसावी कशी? ओठांवरचे शब्द पुरेसे नाहीत. उलेमांनी तौबाच्या अटी सांगितल्या आहेत: अपराध सोडणे, त्याची लाज वाटणे, पुन्हा न करण्याचा निश्चय, आणि माणसाचा हक्क बुडविला असेल तर तो परत करणे वा त्याची क्षमा मिळविणे. चौथी अट सर्वांत जड आहे. ज्याने कारागृहात नमाज धरली, कुरआन वाचायला शिकला, दाढी राखली, पण मारलेल्या माणसाच्या आईकडे एक निरोप धाडण्याचे धैर्य केले नाही, त्याची तौबा अर्ध्या वाटेवर आहे. अल्लाहच्या दयेपासून निराश होऊ नये (३९:५३), हे खरे. पण त्या आशेला आधार हवा.

बद्रच्या युद्धात, हिजरी सन २ मध्ये, मक्केचे जे लोक कैद झाले, त्यांपैकी ज्यांच्याजवळ खंडणी द्यायला काही नव्हते पण लिहिता-वाचता येत होते, त्यांना मदीनेच्या अन्सारी मुलांना लेखन शिकविण्याच्या मोबदल्यात मुक्त करण्यात आले (मुस्नद अहमद). दहा मुले शिकली की एक कैदी सुटला, असे इब्ने सअद यांनी नोंदविले आहे. विद्येच्या बदल्यात स्वातंत्र्य, हा सौदा तेव्हा झाला. आज एखादा बंदी पुस्तक घेऊन बसतो आणि पदवीबरोबर माफीचे दिवसही मिळवितो, तेव्हा आपल्या इतिहासाला ते परके नाही.

यमामाचे सरदार सुमामा बिन उसाल यांना मस्जिदे नबवीच्या खांबाला बांधून ठेवले होते. तीन दिवस प्रेषित (स.) येत, त्यांची विचारपूस करीत आणि जात. तिसऱ्या दिवशी, कोणतीही अट न घालता, त्यांना सोडून देण्याचा आदेश झाला. सुमामा जवळच्या खजुरीच्या बागेत गेले, स्नान केले आणि परत येऊन इस्लामचा स्वीकार केला (बुखारी). बांधलेले असताना त्यांनी जे पाहिले, त्याने ते बदलले. कैद्याला कसे वागविले जाते, यावर तो पुढे कोण होणार हे पुष्कळसे अवलंबून असते.

हे सूत्र पुढेही जपले गेले. हजरत उमर बिन अब्दुल अजीज (रह.) यांनी आपल्या अधिकाऱ्यांना कळविले होते की, कोणा कैद्याला उभे राहून नमाज पढता येणार नाही अशा बेड्या घालू नयेत. इमाम अबू यूसुफ (रह.) यांनी खलीफा हारून रशीद यांच्यासाठी लिहिलेल्या ‘किताबुल खराज’मध्ये हे नमूद आहे. त्याच ग्रंथात त्यांनी कैद्यांना अन्नासाठी दरमहा ठरावीक रक्कम आणि उन्हाळ्या-हिवाळ्याचे कपडे द्यावेत, त्यांना साखळदंडांत भीक मागायला बाहेर पाठवू नये, असा सल्ला दिला आहे. बाराशे वर्षांपूर्वीचा हा मजकूर आहे.

आपल्या मातीतही असा प्रयोग झाला. औंध संस्थानाने १९३९ मध्ये आटपाडीजवळ स्वतंत्रपूर येथे बंद्यांची खुली वसाहत वसविली. कुंपण नाही, पहारा नाही, स्वतःची शेती. व्ही. शांताराम यांचा ‘दो आँखें बारह हाथ’ हा १९५७ चा चित्रपट त्याच प्रयोगावरून सुचला. विसापूर, पैठण, यरवडा येथील खुली कारागृहे याच विचाराची आहेत. विश्वास टाकला की बहुतेक माणसे त्या विश्वासाला जागतात.

शिफारशीची माफी

तिसरी गोष्ट मर्यादेची. सवलत जेव्हा वजनदार माणसांच्या वाट्याला येऊ लागते, तेव्हा ती तखफीफ राहत नाही. मख्जूम या प्रतिष्ठित घराण्यातील स्त्रीने चोरी केली. घराण्याची अब्रू वाचावी म्हणून लोकांनी प्रेषितांचे (स.) लाडके उसामा बिन जैद (रजि.) यांना शिफारशीसाठी पाठविले. प्रेषित (स.) संतापले. थोरामोठ्यांना सोडून दुबळ्यांना शिक्षा करण्यामुळेच तुमच्या पूर्वीचे लोक नाश पावले, असे त्यांनी लोकांना बजावले, आणि आपल्या मुलीने चोरी केली असती तरी तिला हीच शिक्षा झाली असती, असे शपथेवर सांगितले (बुखारी, मुस्लिम).

या कसोटीवर आपल्या काळातील एक निवाडा पाहू. २००२ मध्ये गुजरातच्या दंगलीत बिल्किस बानो यांच्यावर सामूहिक अत्याचार झाला. त्या गर्भवती होत्या. त्यांच्या कुटुंबातील अनेक माणसे मारली गेली. त्यांत त्यांची तीन वर्षांची मुलगीही होती. निःपक्ष सुनावणीसाठी सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये खटला मुंबईला वर्ग केला. २१ जानेवारी २००८ रोजी मुंबईच्या विशेष न्यायालयाने अकरा जणांना जन्मठेप सुनावली. मुंबई उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये ती कायम केली. आणि १५ ऑगस्ट २०२२ रोजी गुजरात शासनाने या अकरा जणांना मुदतपूर्व सोडले. मुंबईतील न्यायाधीशांचे मत सुटकेच्या विरोधात होते. तरी त्यांचे हारतुऱ्यांनी स्वागत झाल्याची दृश्ये देशाने पाहिली.

८ जानेवारी २०२४ रोजी न्या. बी. व्ही. नागरत्ना आणि न्या. उज्जल भुयाँ यांच्या खंडपीठाने ही माफी रद्द केली. शिक्षा महाराष्ट्रात झाली, म्हणून माफीचा विचार करण्याचा अधिकार महाराष्ट्र शासनाचा होता. गुजरात शासनाने जो अधिकार वापरला, तो त्याचा नव्हताच, असे न्यायालयाने म्हटले. दोन आठवड्यांत शरण येण्याचा आदेश झाला आणि ते अकरा जण पुन्हा कारागृहात गेले.

या निवाड्यातून काय घ्यावे? माफी हीच वाईट, असा निष्कर्ष अनेकांनी काढला. तो बरोबर नाही. न्यायालयाने माफीची पद्धत रद्द केली नाही. माफी योग्य अधिकाऱ्याने, योग्य कागदांवर, पीडितेला डावलून न देता विचारात घ्यावी, हे त्याने सांगितले. शरीयतच्या भाषेत सांगायचे तर, जमावाने दहशत माजवून केलेला अत्याचार हा केवळ एका घराचा अपराध नसतो. वाटमारीसारख्या अपराधात वारसाने क्षमा केली तरी समाजाचा हक्क शिल्लक राहतो, असे बहुसंख्य फुकहांचे मत आहे. बिल्किस बानो यांनी तर क्षमा केलीच नव्हती.

एकच माप

येथे आपल्याला स्वतःकडेही वळून पाहिले पाहिजे. बिल्किस बानो यांच्या निवाड्याचा आनंद ज्या घरात झाला, त्याच घरातील एखादा भाऊ दुसऱ्याच्या खुनासाठी यरवड्यात असू शकतो, आणि त्याच्या सुटकेसाठी तेच घर पुढाऱ्याच्या दारात शिफारशीचे पत्र मागायला उभे असू शकते. आपल्या माणसासाठी आपण रहमतच्या आयती वाचतो, परक्या अपराध्यासाठी अदलच्या. सूरह मुतफ्फिफीनच्या आरंभी (८३:१-३) ज्यांचा धिक्कार आहे, ते लोक घेताना माप भरून घेतात आणि देताना कमी देतात. ती आयत बाजारातल्या तराजूसाठी आहेच. पण न्याय मागताना पूर्ण माप आणि न्याय देताना खोटे माप, हा व्यवहारही तोच आहे.

सूरह निसामध्ये आज्ञा आहे की, न्यायासाठी ठाम उभे राहा, मग साक्ष स्वतःच्या, आईबापांच्या वा नातलगांच्या विरोधात जात असली तरी (४:१३५). आणि सूरह माइदामध्ये तिची दुसरी बाजू आहे: एखाद्या समूहाच्या वैराने तुम्हाला अन्यायाकडे ढकलू नये (५:८). पहिली आयत आपल्या माणसावरील प्रेमाला लगाम घालते, दुसरी परक्याच्या द्वेषाला. दोन्ही लगाम हाती असतील, तरच माफीविषयी बोलण्याचा अधिकार आपल्याला पोचतो. ज्या निकषांवर बिल्किस बानो यांच्या अपराध्यांची माफी आपण चुकीची म्हणतो, तेच निकष आपल्या भावाला लावावेत. आणि तो त्या निकषांवर उतरत असेल, त्याने मुदत भोगली असेल, वागणूक सुधारली असेल, पीडिताची क्षमा मागितली असेल, तर त्याच्यासाठी न लाजता मागणी करावी. अपराधी दुसऱ्या समाजाचा असून या निकषांवर उतरत असेल, तर त्याच्या सुटकेला ‘बरोबर आहे’ म्हणण्याचे मनही आपल्यापाशी हवे.

घरांसाठी आणि मोहल्ल्यासाठी

ज्या घरातील माणूस कैदेत आहे, त्या घराने पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. माफीचे किती दिवस जमा झाले आणि बंदी कोणत्या वर्गात मोडतो, हे कारागृह कार्यालयाकडे लेखी विचारता येते. खटला चालू असताना कैदेत काढलेले दिवस शिक्षेतून वजा होतात. ते धरले गेले आहेत का, ते पाहावे. अभिवचन रजेवर वा संचित रजेवर आलेला माणूस मुदतीत परत गेलाच पाहिजे. उशीर झाला तर माफीचे दिवस कापले जातात आणि पुढचा मार्ग अवघड होतो. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ प्रमाणे कैदेत असलेल्या प्रत्येक माणसाला, उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. त्यासाठी तालुका विधी सेवा समितीकडे वा पुण्यातील जिल्हा प्राधिकरणाकडे जावे. ‘साहेबांपर्यंत पोच आहे’ म्हणणाऱ्या दलालाला एक रुपयाही देऊ नये. लाच देऊन मिळविलेली सूट घेणाऱ्याला आणि देणाऱ्याला दोघांनाही भारी पडेल, येथे नाही तर परलोकात.

काही बंदी शिक्षा संपूनही केवळ दंडाची रक्कम भरता येत नाही म्हणून आत राहतात. केंद्र शासनाच्या २०२३ च्या गरीब बंद्यांसाठीच्या योजनेत सिद्धदोष बंद्याच्या दंडासाठी २५,००० रुपयांपर्यंत मदत मिळू शकते. जकातीच्या खर्चाचे जे आठ मार्ग कुरआनने सांगितले (९:६०), त्यांत माना सोडविण्याचा आणि कर्जात बुडालेल्यांचा मार्ग आहे. अशा बंद्यासाठी आणि त्याच्या उपाशी मुलांसाठी जकात कशी वापरता येईल, हे आपल्या भागातील आलिमांना विचारून मोहल्ल्याने ठरवावे. सूरह दहरमध्ये (७६:८) नेक लोकांचे लक्षण सांगताना गरीब आणि अनाथाच्या पंक्तीत कैद्याला बसविले आहे, हे विसरू नये.

कैद्याची पत्नी आणि मुले अपराधी नाहीत. कोणीही दुसऱ्याचे ओझे वाहणार नाही (६:१६४), हा कुरआनचा नियम आहे. ‘खुन्याची पोरगी’ म्हणून जिचे लग्न मोडले जाते, तिच्यावर तो नियम मोडून अन्याय होतो.

आणि जो सुटून आला आहे, त्याच्यासाठी काय? मद्यपानाबद्दल शिक्षा झालेल्या एका माणसाला कोणी शिव्याशाप दिले, तेव्हा प्रेषितांनी (स.) त्यांना थांबविले आणि आपल्या भावाविरुद्ध सैतानाला मदत करू नका, असे बजावले (बुखारी). नव्व्याण्णव माणसे मारणाऱ्या आणि नंतर तौबाच्या शोधात निघालेल्या माणसाची हदीस प्रसिद्ध आहे (बुखारी, मुस्लिम). आलिमाने त्याला आपली जुनी वस्ती सोडून नेक लोकांच्या वस्तीत जायला सांगितले होते. विचार करा, त्याच्यासाठी अशी वस्ती होती. आज यरवड्याहून सुटलेला माणूस दौंडच्या स्टेशनवर उतरला, तर त्याला काम देणारे दुकान, खोली देणारा घरमालक आणि सफमध्ये शेजारी उभा राहणारा नमाजी मिळेल का? कायद्याने दिलेली सूट दारापर्यंत आणते. पुढचे काम वस्तीचे आहे.

पीडित घराला आपण क्षमेचा उपदेश करायला जाऊ नये. जायचेच असेल तर त्यांचे ऐकायला जावे, न्यायालयाच्या तारखांना सोबत करायला, मुलांच्या फीची विचारपूस करायला. क्षमा करायची की नाही, हे त्यांचे आणि अल्लाहचे आहे. त्यांनी केली तर त्यांचे पारितोषिक मोठे. त्यांनी न केली तर त्यांच्यावर आक्षेप नाही.

प्रेषित हजरत यूसुफ (अलै.) यांनी दोष नसताना कैकवर्षे बंदिवास भोगला. राजाचे बोलावणे आल्यावरही आपल्यावरील आरोपाची चौकशी होईपर्यंत ते बाहेर पडले नाहीत (१२:५०). केवळ सुटका त्यांना पुरेशी वाटली नाही, सत्य समोर यावे असे त्यांना वाटले. आणि ज्या भावांनी त्यांना विहिरीत टाकले, ते समोर उभे राहिले व त्यांनी आपली चूक कबूल केली, तेव्हा आज तुमच्यावर काही दोषारोप नाही, या अर्थाचे शब्द त्यांनी उच्चारले (१२:९२). आधी सत्य, मग कबुली, मग क्षमा. हा क्रम त्यांच्या कथेत आहे.

अल्लाह आपल्याला न्यायात एकच माप वापरण्याची सुबुद्धी देवो, अन्याय झालेल्यांच्या मनाला शांती देवो, जे कैदेत आहेत त्यांना खरी तौबा आणि सन्मानाची सुटका देवो, आणि त्यांची वाट पाहणाऱ्या घरांना सब्र देवो. आमीन.